भाड्याची पावती आणि मताचा हक्क

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत गेला, त्याचे सूत झाले, कापड झाले. ते सूत काढणाऱ्या माणसाला त्या शहराच्या कारभारात मत होते काय, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहो.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार सरकारने नेमलेल्या जस्टिसांच्या मंडळाकडे गेला; खरी सत्ता कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती होती. त्यांच्या वारेमाप खर्चाविरुद्ध करदाते उठले. फिरोजशहा मेहतांनी लोकनियुक्त सभासदांची मागणी मांडली. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन झाली : ३२ करदात्यांचे, १६ जस्टिसांचे आणि १६ सरकारने नेमलेले. १८८८ मध्ये सभासद ७२ झाले व त्यांतले ३६ वॉर्डांतून निवडून येऊ लागले. परक्या सरकारकडून एवढे मिळविणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण मताचे माप कोणते होते? आधी वर्षाला ५० रुपये कर, पुढे ३०. म्हणजे चाळीचा मालक मतदार. चाळीतला भाडेकरू नव्हे. वास्तविक कराचा पैसा भाड्यातूनच निघे, पावती मात्र मालकाच्या नावे फाटे. म्हणून १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन केले, ते मतपेटीबाहेर राहून. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले.

पुढे १८९६ मध्ये प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यात गिरणीमालकांचा प्रतिनिधी होता, व्यापाऱ्यांचा होता. ज्यांच्या खोल्या पाडायच्या, त्यांचा नव्हता. घर कोणाचे पडावे हे ठरविताना ज्याला जागा नसते, त्याचेच घर आधी पडते.

१९२२ मध्ये दरमहा १० रुपये भाडे देणाऱ्यास मत मिळाले. एका खोलीत राहणाऱ्या गिरणीकामगाराचे भाडे बहुधा याहून कमी असे. दार उघडले, पण उंबरठा उंच राहिला. १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ७ मजुरांना दिल्या. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. मुंबई कॉर्पोरेशनची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली ती १९४८ मध्ये. १८७२ पासून मोजले तर शहात्तर वर्षे लागली.

आज मतासाठी कर वा भाडे कोणी विचारीत नाही. तरी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर येणाऱ्या माणसाकडे पाहा. खोली भाड्याची, पावती नाही, आणि नाव दूरच्या गावाच्या यादीत. इथले पाणी, इथली गटारे, इथला रस्ता यांविषयी तो बोलू शकतो, ठरवू शकत नाही. कायद्याने दिलेला हक्क यादीत नाव चढल्यावाचून हाती येत नाही. हे नाव चढविण्याचे काम आपल्यासारख्या शेजाऱ्यांचे आहे, आणि ते निवडणूक येण्याआधीच करावयाचे असते.