बिटरगावचा बॉम्ब: ‘सैराट’च्या तीन तासांचा घटनाक्रम

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, गावाकडचं चित्रीकरणही बरंचसं करमाळ्याच्या आसपासचं. सिनेमा सोलापूर जिल्ह्याच्या मातीतला, आणि तो गाजला प्रेमकथा म्हणून. पण त्याचा सांगाडा थरारपटाचा आहे. थरारपटात प्रेक्षकासमोर घड्याळ टांगलेलं असतं, इथे ते झाकून ठेवलंय.

चित्रपटाची लांबी १७४ मिनिटं. सोलापुरातल्या एखाद्या थिएटरात दुपारी १२चा खेळ धरू आणि मध्यंतराला पंधरा मिनिटं देऊ. ३ वाजून ९ मिनिटांनी सगळं संपतं. मधल्या वेळा अंदाजाच्या आहेत.

दुपारी १२
बिटरगावात क्रिकेटचा सामना. लाउडस्पीकरवर गावरान समालोचन, प्रेक्षागृहात हशा. नायिका अर्चीचे वडील, तात्या पाटील, मैदानावर येतात आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे वळतं. सत्ता कोणाकडे आहे हे थरारपट पहिल्या दहा मिनिटांत दाखवून मोकळा होतो. ते काम इथे झालेलं आहे, पण आपण धावा मोजतोय.

१२.३०
विहीर, बुलेट, ट्रॅक्टर. पाटलाची अर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या. धोका उघड आहे, तरी अजय-अतुल यांचं संगीत तो जाणवू देत नाही. थरारपटातलं संगीत प्रेक्षकाला सावध करतं, इथलं त्याला गाफील ठेवतं.

१ वाजता
वर्गात अर्चीचा भाऊ प्रिन्स शिक्षकांच्या कानाखाली वाजवतो. शिक्षक दलित आहेत, कविता शिकवणारे. प्रिन्सचं काहीच वाकडं होत नाही.

थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत सांगितलेलं गणित इथे आठवावं. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला माहीत नाही, तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आधी दाखवला, भिंतीवर घड्याळ दाखवलं, तर टेबलावरच्या फालतू गप्पाही पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. प्रिन्सची थप्पड म्हणजे टेबलाखालचा बॉम्ब. मंजुळे तो लपवत नाहीत, भर वर्गात ठेवतात. आपल्याला तो दिसतो आणि आपण पुढे जातो, कारण पाटलाच्या पोराने हात उचलणं आपल्याला नवं नसतं.

१.१५
प्रिन्सचा वाढदिवस, ‘झिंगाट’. २०१६ मध्ये याच गाण्यावर लोक खुर्च्या सोडून नाचले. याच रात्री अर्ची आणि परश्या पकडले जातात. त्यानंतर सिनेमात एकही गाणं नाही.

मध्यंतराच्या आगेमागे
पळापळ. पोलीस ठाण्यात परश्या आणि त्याच्या मित्रांवर खोटा गुन्हा. तो अर्ची हाणून पाडते. पुढे मारेकऱ्यांवर तीच पिस्तूल रोखते. शेवटच्या क्षणी वाजणारा पोलिसांचा सायरन आणि नायकाच्या हाती लागलेलं हत्यार ही थरारपटाची ठरलेली सुटकेची साधनं. मंजुळे दोन्ही निम्म्यावरच वापरून टाकतात. पोलीस कोणाचे हे कळलेलं आहे. हत्यार फक्त त्या वेळेपुरतं पुरतं. शेवटासाठी शिल्लक काही उरत नाही.

२.१५
हैदराबाद. झोपडपट्टी, सुमनअक्काचा आधार. अर्ची कारखान्यात, परश्या डोशाच्या गाडीवर. भांडण, संशय, पुन्हा समेट. एरवी इथे समांतर संकलन आलं असतं: एकीकडे जोडपं, दुसरीकडे जवळ येणारी जीप. इथे पाठलाग जवळजवळ दिसतच नाही. गती इतकी संथ होते की प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू होते. आपली चिंता आता भाड्याची आणि पगाराची आहे.

२.४५
लग्न, मूल, बरं घर. अर्ची आईला फोन करते. थरारपट पाहणाऱ्या कोणालाही फोन म्हणजे माग हे पाठ असतं. तरी आपल्याला बरंच वाटतं, कारण मराठी सिनेमाने वर्षानुवर्षं हेच शिकवलंय: नातवंड झालं की राग विरघळतो.

३ वाजता
अर्ची दारात रांगोळी काढतेय. प्रिन्स माणसं घेऊन येतो, माहेरच्या भेटी आणतो. चहा ठेवला जातो. लहानगा शेजारणीबरोबर बाहेर गेलाय. पाव्हण्याला चहाला नाही म्हणायचं नसतं, हा आपला रिवाज. मारेकऱ्यांना तोच उपयोगी पडतो. कुलूप फोडावं लागत नाही.

३.०५
मूल परत येतं. आत अर्ची आणि परश्याचा खून झालेला. आवाज बंद.

‘सायको’मधल्या न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, असं हिचकॉकलाही आधी वाटलं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने व्हायोलिनच्या किंकाळ्या ऐकवल्या आणि त्याने मत बदललं. मंजुळेंनी बदललं नाही. हिचकॉकला पस्तावा होता तो ‘सॅबोटाज’चा (१९३६). त्यात नकळत बॉम्ब वाहून नेणारा मुलगा मरतो. प्रेक्षकाला इतका वेळ ताणून धरल्यावर स्फोट होऊ द्यायला नको होता, असं तो नंतर म्हणाला. ताण दिला की सुटकाही द्यावी, हा थरारपटाचा करार. ‘सैराट’मध्ये मूल जिवंत राहतं, पण त्याला सुटका म्हणवत नाही.

३.०९
दिवे लागतात. बाहेर दुसऱ्या खेळाची रांग.

त्या रांगेत सिनेमा दुसऱ्यांदा पाहणारे असतील, तर त्यांच्यासाठी आता घड्याळावरचं झाकण निघालेलं आहे. पहिल्या वेळचा धक्का दुसऱ्या वेळी तीन तासांचा ताण होतो. समालोचनावर हसू येत नाही, ‘झिंगाट’वर पाय थिरकत नाहीत, आणि थप्पड बसते तेव्हा उरलेली मिनिटं मोजली जातात. मात्र ती पहिल्या वेळीही मोजता आली असती. थप्पड त्याच वर्गात होती, तात्या त्याच मैदानावर होते. गावात राहिलेल्या कोणालाही बॉम्ब ओळखायला हिचकॉक लागत नाही. तो ओळखूनही आपण नाचलो, आणि हा हिशेब मंजुळेंनी पटकथेतच धरलेला होता.