सिस्टर सांगतात त्यामागं काय असतं? पुराव्यावर आधारित शुश्रूषेची माहिती

बारामती/इंदापूर : रात्री उसाला पाणी द्यायला गेलं आणि साप चावला, की आपल्याकडं पहिली धडपड दोरी आवळायची. दवाखान्यात गेल्यावर सिस्टर हाताची चिमूटभर रगत कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि नळी २० मिनिटं हलवत नाहीत. नातेवाईक चिडतात, "इंजेक्शन द्यायचं सोडून हे काय?" पण घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नाही, आणि ते या साध्या तपासणीत कळतं. नाग, मण्यार चावला तर रक्त गोठतं, म्हणून पापण्या जड होतात का, श्वास लागतो का, हेही सिस्टर बघत असतात. लक्षणं दिसली तर २० मिनिटं थांबत नाहीत.

यालाच पुराव्यावर आधारित शुश्रूषा म्हणतात.

नेमकं काय?
अनेक रुग्णांवर तपासून जे खरं ठरलं ते, सिस्टरांचा स्वतःचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा, या तिन्हींचा मेळ घालून सेवा देणं. "पहिल्यापासून असंच चालतं" हे कारण त्यात पुरत नाही.

आपल्याच राज्यातलं उदाहरण
गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' मासिकात निकाल आला. तुलनेच्या गावांपेक्षा बाळांचे मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागं हाच पुरावा आहे.

वॉर्डात काय दिसतं?
- प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी व नंतर हात धुणं.
- बाळाची नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबणं. बाळाला रक्त जास्त मिळतं.
- कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवणं. २०२१ च्या पाच देशांतल्या अभ्यासात, जन्मताच हे सुरू केल्यावर मृत्यू सुमारे २५ टक्के कमी झाले. त्यात भारत होता.
- नाळेला तेल, हळद, राख न लावणं.

अडतं कुठं?
जगभरच्या पाहण्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नर्सची तयारी असते, वेळ नसतो. एका पाळीत रुग्ण जास्त, नोंदवह्या भरायच्या, नवीन माहिती इंग्रजीत, आणि जुनी पद्धत बदलायचा अधिकार हातात नाही. नुसतं एका दिवसाचं प्रशिक्षण देऊन भागत नाही. पुरेसे कर्मचारी, मराठीत लिहिलेली पद्धत आणि डॉक्टरांची साथ लागते.

आपण काय करायचं?
बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली असो, रुईचं असो, की इंदापूर, भिगवणचं रुग्णालय, "सिस्टर, हे कशासाठी?" असं नीट विचारायला हरकत नाही. साप चावला तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता १०८ ला फोन करा. आधीच दोरी बांधली असेल तर रस्त्यात सोडू नका, दवाखान्यातच सोडू द्या.

सिस्टरांवर ओरडून उपचार लवकर होत नाहीत. त्यांना काम करू दिलं, तर मात्र जीव वाचतो.