कुंदी ते हीट प्रेस : कापड, ताप आणि दाब यांचा इतिहास

धागा 🧵

१/१२
कबड्डी संघाची जर्सी असो वा गणेश मंडळाचा टी-शर्ट, त्यावरील नाव आणि क्रमांक आज बहुधा उष्णतेने चिकटवलेले असतात. व्हिनाइलची पातळ फिल्म उलट्या अक्षरांत कापायची, कापडावर ठेवायची आणि तापलेल्या प्लेटखाली काही सेकंद दाबायची, एवढीच कृती. तंत्र नवे आहे, पण त्यामागील प्रश्न जुना आहे : कोणत्या कापडाला कोणते साधन योग्य? या प्रश्नाचा माग अहिल्यानगरपासून घेता येतो.

२/१२
मलिक अहमद निजामशहाने १४९४ मध्ये वसवलेले अहमदनगर पुढे विणकरांचे शहर म्हणूनही ओळखले गेले. साळी, कोष्टी, मोमीन आणि तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांचे माग येथे चालत. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरनेही या हातमाग व्यवसायाची दखल घेतली. लुगडी सुती असत. सूत हा ताप आणि दाब दोन्ही सोसणारा धागा, ही गोष्ट पुढील सर्व इतिहासात महत्त्वाची ठरते.

३/१२
इस्त्री येण्यापूर्वी कापडाला तकाकी आणण्याची भारतीय रीत म्हणजे कुंदी. खळ दिलेले कापड घडी करून लाकडी ओंडक्यावर ठेवत आणि मोगरीने एकसारखे ठोकत. धागे चपटे होत, पृष्ठभाग गुळगुळीत होई आणि कापड चमकू लागे. येथे विस्तवाची गरज नव्हती, सारे काम दाबाचे होते. घाव कुठे जोरात आणि कुठे हलका पडावा, हे कुंदीगराच्या मनगटाला ठाऊक असे.

४/१२
‘इस्त्री’ या शब्दाची व्युत्पत्ती पोर्तुगीज भाषेतील ‘ताणणे’ या अर्थाच्या क्रियापदाकडे नेली जाते. कोळशाच्या इस्त्रीने दाबाला तापाची जोड दिली. मात्र तो ताप मोजण्याचे साधन तिच्यात नव्हते. तळावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो कसा चुरचुरतो यावरून अंदाज बांधायचा. ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे भिंगारला छावणी वसली. लष्करी गणवेशाची कडक घडी ज्याच्या हातून उतरायची, त्या धोब्याचा तापमापक हा असा पाण्याचा थेंब होता.

५/१२
उष्णतेने कापडावर आकृती उतरवण्याची कल्पनाही एकोणिसाव्या शतकातली. १८७० च्या दशकात मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने भरतकामाचे नमुने विशेष शाईने कागदावर छापून विकायला आणले. कागद कापडावर पालथा ठेवून गरम इस्त्री फिरवली की रेषा उमटत. आपल्याकडील भरतकामात हेच काम खाका करी. कागदावरील नक्षीला सुईने भोके पाडायची आणि त्यांतून रॉकेलमध्ये कालवलेली पूड घासायची. दोन्ही वाटांनी पोहोचायचे एकाच ठिकाणी होते, फरक उष्णतेचा होता.

६/१२
१८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी विजेच्या इस्त्रीचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या विजेच्या इस्त्र्यांतही ताप आवरण्याची सोय नव्हती. १९२० च्या दशकात थर्मोस्टॅट असलेल्या इस्त्र्या बाजारात आल्या आणि थेंबाचा अंदाज हळूहळू बटणात शिरला. सुती कापडाला याची फारशी निकड नव्हती. तापाची थोडी कमी-जास्त चूक सूत पोटात घालते. निकड निर्माण केली ती नव्या धाग्याने.

७/१२
१९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरच्या धाग्याचा शोध लावला. तो ‘टेरिलीन’ म्हणून गाजला. १९६० च्या दशकात भारतात ‘टेरिन’ आणि सुताबरोबर मिसळलेले ‘टेरिकॉट’ प्रतिष्ठेचे कापड ठरले. त्याला सुरकुत्या कमी पडत, पण सुतासाठी तापवलेली इस्त्री त्यावर टेकली की कापड आक्रसे, चकाके किंवा चिकटे. आजच्या लेबलवरील ठिपके हाच धडा सांगतात : एक ठिपका कमी ताप, दोन मध्यम, तीन जास्त.

८/१२
पॉलिएस्टरची हीच नाजूक बाजू एका फ्रेंच संशोधकाच्या पथ्यावर पडली. १९५७ मध्ये नोएल द प्लास यांच्या लक्षात आले की काही रंग सुमारे २०० अंशांच्या आसपास न वितळता थेट वायुरूप होतात आणि तापलेल्या पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरून बसतात. यातून सब्लिमेशन छपाई जन्मली. तिच्यात रंग धाग्याचाच भाग होतो, वर थर राहत नाही. मात्र सुती कापडावर हा रंग टिकत नाही आणि गडद कापडावर उठून दिसत नाही.

९/१२
व्हिनाइलची वाट वेगळी. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी कडक पीव्हीसीला लवचिक रूप दिले. कपड्यावरील फिल्म ही या प्लास्टिकच्या युगाची पुढची पायरी. आज तिला व्हिनाइल म्हणत असले, तरी बऱ्याच फिल्म पॉलियुरेथेनच्या असतात. फिल्मच्या पाठीवरील गोंद उष्णतेने मऊ होतो आणि दाबाने धाग्यांत रुततो. सुतासाठी साधारण १५० ते १६० अंश आणि १० ते १५ सेकंद लागतात. ताप कमी पडला तर अक्षरे धुण्यात सुटतात, जास्त झाला तर फिल्म वितळते.

१०/१२
येथे दोन इतिहास एकमेकांना भिडतात. लाल पॉलिएस्टर जर्सीवर पांढरा क्रमांक चिकटवला आणि तो काही दिवसांत गुलाबी झाला, तर दोष बहुधा गोंदाचा नसतो. द प्लास यांनी हेरलेला गुणधर्मच तेथे उलटा काम करतो : जर्सीतील रंग वायुरूप होऊन फिल्ममध्ये शिरतो. म्हणून अशा कापडाला सुमारे १३० अंशांवर चिकटणारी किंवा रंग अडवणारा थर असलेली फिल्म लागते. पंधरा खेळाडूंची ऑर्डर वाया गेली, तर लहान व्यावसायिकाचा त्या कामातील नफा तर बुडतोच, शिवाय पदरचे पैसेही जातात.

११/१२
आता साधनाची निवड. घरगुती इस्त्री एखाद्या सुती शर्टावरील छोट्या अक्षरांना पुरते, पण तिच्या तळाला वाफेची भोके असतात आणि हाताचा दाब मोजता येत नाही. नियमित कामाला हीट प्रेस हवा. शिंपल्यासारखा उघडणारा प्रेस कमी जागेत मावतो, परंतु जाड कापडावर बिजागरीकडील कडा आधी दाबली जाते. बाजूला फिरणाऱ्या प्लेटचा प्रेस सरळ खाली येतो, दाब सम पडतो, पण जागा जास्त व्यापतो. ३८ × ३८ सेंटीमीटरचा प्रेस साधारण दीड किलोवॉट वीज घेतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि तशीच जाड वायर आवश्यक असते. टोप्यांसाठी वक्र प्लेटचा प्रेस निराळा.

१२/१२
कुंदीगराचे मनगट, धोब्याचा पाण्याचा थेंब आणि प्रेसवरील आकडे हे एकाच ज्ञानाचे तीन टप्पे आहेत. ताप, दाब आणि वेळ यांचे मोजमाप हातातून यंत्रात गेले. कापड ओळखण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले. समोर आलेला टी-शर्ट सुती आहे, पॉलिएस्टरचा आहे की मिश्र, हे प्रेस सांगत नाही. म्हणून खरेदीपूर्वी पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा नसावा. आपल्याकडे कोणते कापड अधिक येणार, हे आधी ठरवावे आणि मग यंत्र निवडावे.

घरात पितळी किंवा लोखंडी कोळशाची इस्त्री जपून ठेवली असेल, तर तिचे छायाचित्र आणि ती वापरणाऱ्यांची आठवण खाली अवश्य नोंदवावी. अशा वस्तूंचा इतिहास बहुतेक वेळा घरांतच सापडतो.