मोबाइल कॅमेऱ्यातील ऑप्टिकल झूम
दूरचे दृश्य मोठे टिपण्यासाठी भिंगाचे नाभीय अंतर वाढवावे लागते व त्यासाठी लांब नळी लागते. मोबाइलच्या जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाडीत ती मावत नाही. सॅमसंगने २०१३ मध्ये 'गॅलेक्सी एस ४ झूम'ला बाहेर येणारे दहापट झूमचे भिंग बसविले. फोन मात्र बोजड झाला. हुआवेच्या 'पी ३० प्रो'मध्ये २०१९ साली पाणबुडीतील पेरिस्कोपची युक्ती योजण्यात आली. लोलक प्रकाश ९० अंशांत वळवितो आणि आडव्या बसविलेल्या भिंगांतून तो सेन्सरवर पोहोचतो. त्यामुळे पाचपट ऑप्टिकल झूम साधला. याच फोनचा पन्नासपट झूम मात्र डिजिटल होता. डिजिटल झूममध्ये टिपलेल्या चित्राचा मधला भागच मोठा केला जातो. भिंगाने न टिपलेला तपशील त्यातून मिळत नाही. म्हणूनच खरेदीपूर्वी ऑप्टिकल झूमचा आकडा स्वतंत्रपणे पाहणे श्रेयस्कर ठरते.