गोष्टीचा शेवट किती लांब? वडगावला विचारा

लघुकथा लिहिणाऱ्यांना नेहमी पडणारा प्रश्न: शेवट किती लांब ठेवायचा? आज याचं उत्तर मावळात शोधूया.

लोणावळ्याहून पुणे लोकल पकडलीत की मळवली, वडगाव, तळेगाव लागतं ना? जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज याच बाजूने पुण्याकडे निघाली होती. जवळपास ३,९०० सैनिक आणि सोबत राघोबादादा. त्यांना पुण्यात सत्तेवर बसवायचा बेत होता. फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला ‘इष्टुर फाकडा’, मारला गेला. तळेगावला पोचले तर दाणावैरण मिळेना. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली. महादजी शिंद्यांच्या मराठी फौजेने तिला वडगावात गाठलं आणि तिथेच तह झाला: १७७३ पासून घेतलेला मुलूख, साष्टीसकट, परत!

बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. टाळ्या!

पण वॉरन हेस्टिंग्जने हा तह नाकारला. युद्ध पुन्हा पेटलं. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात कंपनीने राघोबांची बाजू सोडली, साष्टी मात्र स्वतःकडेच ठेवली.

मग शेवट कुठे करायचा? सुरुवातीला टाकलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की थांबायचं. ‘फौज पुण्यात पोचेल का?’ असा प्रश्न असेल तर तळेगावची ती रात्र पुरे. त्यानंतर दोन वाक्यं आणि पूर्णविराम. पण ‘साष्टी परत मिळेल का?’ असं विचारलं असेल तर सालबाईपर्यंत जावंच लागेल. त्यासाठी तीन वर्षांच्या लढाया मोजत बसू नका. आत्ता मी केलं तसं तीन-चार वाक्यांत उरकता येतं.

मराठी कथेतही हा वाद जुना आहे. ना. सी. फडक्यांनी तंत्रावर भर दिला. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या नवकथेने शेवटाची घट्ट गाठ सैल केली. म्हणजे उत्तर न देताही थांबता येतं, फक्त प्रश्न वाचकाच्या हातात राहिला पाहिजे. तो लपवला तर ती फसवणूक.

वडगावच्या पुढची तीन वर्षं कापली की विजय तेवढा उरतो. साष्टीचं काय झालं, हे मग कुणी विचारतच नाही.