वागाशी : गोड गोष्टीमागची साखर

जपानी मिठाईला 'वागाशी' म्हणतात. नाव ऐकून वाटतं, हजार वर्षं जुनं असणार. पण गंमत म्हणजे हा शब्द मेइजी काळातला, म्हणजे १८६८ नंतरचा! पाश्चात्त्य केक-बिस्किटं आली, तेव्हा 'आपलं ते' वेगळं दाखवायला हे नाव पडलं. त्याआधी नुसतं 'काशी', आणि त्याचा जुना अर्थ फळं नि सुकामेवा.

आता 'योकान' घ्या. अझुकी नावाच्या लाल कडधान्याची, वडीसारखी कापायची मिठाई. चिनी चित्रलिपीतलं तिचं नाव वाचलं तर निघतं चक्क मेंढीच्या मटणाचं सूप! झेन भिक्षूंना मांस वर्ज्य, म्हणून त्यांनी कडधान्य वापरलं. पुढे सूप गेलं, नाव राहिलं.

आणि साखर? ती तर खूप काळ बाहेरूनच यायची. १५६९ मध्ये लुईश फ्रॉइश या पोर्तुगीज पाद्र्याने ओदा नोबुनागाला काचेच्या बाटलीतून 'कोनपेइतो' भेट दिले. (हा फ्रॉइश जपानला जाण्याआधी गोव्यात होता बरं का!) दिसायला अगदी आपला संक्रांतीचा काटेरी हलवा. करायची पद्धतही तीच, गरम कढईत थोडा थोडा पाक सोडत राहायचं.

क्योतोमध्ये पर्यटकांसाठीच्या एका वर्गात मी 'नेरीकिरी' करून पाहिली. पांढऱ्या कडधान्याचं गोड पुरण, त्यात तांदळाच्या पिठाचा चिकट गोळा मळलेला. लाकडी त्रिकोणी पट्टीने पाकळ्या पाडायच्या. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्यांना फार जड जाऊ नये. आधी मिठाई, मग कडू माच्चा. झकास!

पण गोडाची दुसरी बाजूही आहे. १६०९ मध्ये सात्सुमा संस्थानाने र्‍युक्यू राज्यावर स्वारी केली, आणि अमामी बेटं ताब्यात घेतली. पुढे तिथल्या शेतकऱ्यांना सक्तीने ऊस लावायला लागला. १८३० पासून तर सगळी काळी साखर संस्थानालाच द्यायची, स्वतः विकायची सोय नाही. ओसाकाच्या बाजारात संस्थानाने पैसा केला, बेटावर मात्र उपासमार. याच सात्सुमाने पुढे मेइजी क्रांतीत पुढाकार घेतला, आणि त्या तिजोरीत या साखरेचाही पैसा होता.

म्हणून 'शुद्ध परंपरा' वगैरे ऐकलं की मला योकान आठवतं. नाव चीनचं, साखर परक्या जहाजांची, नाहीतर अमामीच्या शेतकऱ्याची. हात मात्र जपानी कारागिराचे. परंपरा अशीच घडते. फक्त खाताना ऊस कुणी तोडला, हे विसरू नये, इतकंच.