खेळांतील इतिहास आणि असईच्या तोफा

आमचा चौदा वर्षांचा पुतण्या सुटींत संगणकावर इतिहास खेळत असतो. एके दिवशीं त्यानें हांक मारून विचारलें, "काका, मराठ्यांना आधीं काय शिकवूं? तोफखान्याची विद्या कीं शेतीची सुधारणा?" आम्हांस हसूं आलें, परंतु पडद्याजवळ जाऊन पाहिल्यावर तें फार वेळ टिकलें नाहीं. प्रश्न पोरकट नव्हता. खेळ रचणाऱ्यांनींच तो मुलापुढें त्या रीतीनें मांडला होता, आणि आमच्या इतिहासलेखकांपैकीं कित्येकांनीं तो आमच्यापुढेंही जवळजवळ त्याच रीतीनें मांडलेला आहे.

खेळाचें नांव 'एम्पायर : टोटल वॉर'. इंग्लंडांतील क्रिएटिव्ह असेंब्ली या मंडळीनें रचलेला हा खेळ २००९ सालीं बाहेर पडला. त्यांतील मुख्य डाव सन १७०० मध्यें सुरू होतो. वर्षाच्या दोन खेळ्या, आणि शतक सरलें कीं डाव सरला. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया अशा सत्तांच्या पंक्तीला खेळाडूनें हातीं घ्यावयाची हिंदुस्थानांतील एकच सत्ता ठेविली आहे, ती 'मराठा संघ'. हें पाहून कोणाही मराठी माणसास बरें वाटेल, आम्हांसही वाटलें. पण सन १७०० च्या आरंभीं खरी स्थिति काय होती? औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. मार्चांत राजाराममहाराज सिंहगडावर वारले. एप्रिलांत साताराही मोगलांच्या हातीं गेला. ताराबाईंनीं राज्याचा गाडा हांकला तो या अवस्थेंत. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांचा जो संघ पुढें नांवारूपास आला, त्याचा तेव्हां पत्ताही नव्हता. कित्येक वर्षांनंतरचें घर खेळ रचणाऱ्यांनीं आधींच उभें करून दिलें आहे.

याबद्दल त्यांना फार दोष देण्याची आमची इच्छा नाहीं. पहिल्याच खेळींत राजा मेला आणि राजधानी पडली तर तो डाव कोण मांडील? खेळाला समतोल लागतो. बुद्धिबळांत ही अडचण नाहीं. दोन्हीं सैन्यें सारखीं, भेद काय तो पहिली चाल कोणाची एवढाच. परंतु आमच्याकडे वाघ-बकरीचा खेळ आहे, तो आठवून पाहावा. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघानें उडी मारून बकरी खावी, बकऱ्यांनीं गर्दी करून वाघाला कोंडावें. दोघांचें बळ निराळें, तरी डाव कोणाच्याही बाजूनें जाऊं शकतो. ज्या कोणी अनामिकानें तो प्रथम बसविला, त्याला वाघांची संख्या आणि पटावरील रेघा किती वेळां मोडाव्या लागल्या असतील!

आजच्या खेळांत असे वाघ आणि बकऱ्या डझनांनीं असतात. अमेरिकेंतील एन्सेम्बल स्टुडिओज यांच्या 'एज ऑफ एम्पायर्स' या मालेंतील दुसरा खेळ १९९९ सालीं निघाला, त्यांत तेरा राष्ट्रें होतीं. सर्वांच्या ज्ञानाचा सांगाडा एकच. मात्र प्रत्येकाच्या कांहीं फांद्या छाटलेल्या, आणि त्यांच्या मोबदल्यांत कांहीं सवलती दिलेल्या. भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी, तिरंदाज पुन्हा भालाइताला भारी, असें चक्र खालीं फिरत असतें, म्हणून कोणतेंही एक शस्त्र घेऊन जग जिंकतां येत नाहीं. गॉथ लोकांना दगडी तट बांधतां येत नाहीं. त्यांचें पायदळ मात्र स्वस्त. आणि चिनी? ज्यांनीं बंदुकीची दारू जगाला दिली, त्यांनाच या मूळच्या खेळांत हातबंदुकीचे शिपाई आणि मोठी तोफ नव्हती! इतर बाबतींत त्यांचें पारडें जड होतें, म्हणून येथें हलकें केलें, एवढाच त्याचा अर्थ.

पुढील वर्षीं निघालेल्या पुरवणींत अझ्टेक आले. त्यांच्याकडे घोडे नव्हते, तेव्हां त्यांना पागाही नाहीं. येथें इतिहास पाळला आहे. पण त्यांच्या शेजारींच स्पॅनिश येऊन बसतात, आणि दोघांत बरोबरीचा सामना होतो. खरें तेनोच्तित्लान १५२१ सालीं पडलें, तें देवीच्या सांथीनें पोखरलेलें आणि त्लाश्कालासारख्या शेजारच्या शत्रूंनीं स्पॅनिशांबरोबर घेरलेलें असें पडलें. ती बरोबरीची लढाई नव्हती. तरीही समतोलाचें असत्य आम्हांस फारसें बोंचत नाहीं. हा खेळ आहे, येथें सर्वांना संधि सारखी आहे, हें मुलालाही ठाऊक असतें. नाटकांत मेलेला पुरुष पडद्यामागें चहा घेत असतो हें जसें प्रेक्षकाला ठाऊक असतें, तसेंच हें.

आमची तक्रार आहे ती तंत्रवृक्षाविषयीं. १९८० सालीं फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज गृहस्थानें 'सिव्हिलिझेशन' नांवाचा पटावरील खेळ काढला, त्यांत निरनिराळ्या विद्या व कला पत्त्यांच्या रूपानें विकत घ्यावयाच्या असत. १९९१ सालीं सिड मायर व ब्रूस शेली यांनीं त्याच नांवाचा संगणकावरील खेळ रचला, आणि तेथें या कल्पनेला पुरता फुलोरा आला. एक विद्या साधली कीं तिच्यापुढची फांदी मोकळी होते. चढत चढत माणूस शेवटीं दुसऱ्या ताऱ्याकडे यान पाठवितो. झाड एकच, आणि पृथ्वीवरील सर्व राष्ट्रांनीं त्याच झाडावर चढावयाचें. त्या खेळांत वर्णमाला आल्यावांचून कायद्याची संहिता येत नाहीं. पेरूमधील इंका लोकांना लिपी नव्हती. दोरीच्या गांठींवर हिशेब ठेवून त्यांनीं अँडीज पर्वतावर केवढें राज्य चालविलें! त्यांना या झाडावर कोणत्या फांदीवर बसवावें? पुढें २०१६ सालच्या सहाव्या आवृत्तींत थोडी सुधारणा झाली. समुद्रकांठीं वसाहत केली कीं नौकाविद्या स्वस्त पडते, म्हणजे ज्ञान परिस्थितींतून उगवतें एवढें मान्य झालें. झाड मात्र तेंच राहिलें. समतोल हा उघड उघड खेळाचा नियम म्हणून मुलापुढें येतो; झाड हें इतिहासाचा नियम म्हणून येतें. जो हरला तो खालच्या फांदीवर होता, अशी समजूत त्यांतून आपोआप होते.

आणि येथेंच आमच्या घरचा प्रश्न उभा राहतो. मराठे कां हरले, तर विद्येंत मागें पडले म्हणून, हें उत्तर आम्हीं शाळेंत ऐकलें आणि पुढें आम्हींही इतरांस ऐकविलें. परंतु विद्या विकत घेण्यापूर्वींच भाड्यानें मिळत होती. फ्रेंच धर्तीवर तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामाच्या चाकरींतून मराठ्यांकडे आला, आणि १७६१ सालीं पानिपतावर त्याच्या पलटणी व तोफा भाऊसाहेबांच्या बाजूनें लढल्या. १७८४ सालीं महादजी शिंद्यांनीं सव्हॉयच्या द बॉइनला ठेविलें. आग्र्यास तोफा ओतल्या जाऊं लागल्या. कवायती कंपूंचे पगार वेळेवर व्हावे म्हणून दुआबांतील मुलूख तोडून दिला. १७९० सालीं पाटण आणि मेडता येथें त्या कंपूंनीं रजपूत घोडदळाची काय गत केली, तें प्रसिद्धच आहे. झाडावरची ती फांदी आम्हांस पुरी मिळालेली होती.

२३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आजच्या जालना जिल्ह्यांतील असई या गांवापाशीं शिंदे व भोसले यांची आर्थर वेलस्लीशीं गांठ पडली. त्या दिवशीं मराठ्यांचा तोफखाना कच्चा ठरला नाहीं. इंग्रजांच्या लहानशा फौजेंतील दीड हजारांवर माणसें ठार-जखमी झालीं, तीं मुख्यतः त्या तोफांनीं. इंग्रज तोफांवरून पुढें निघून गेल्यावर मेल्यासारखे पडलेले कांहीं गोलंदाज उठले आणि त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागूं लागले. असे गोलंदाज असून लढाई गेली.

गेली कशामुळें, हें झाडांत सांपडत नाहीं. महादजी १७९४ सालीं वारले. द बॉइन लौकरच देश सोडून गेला. आदल्या वर्षीं, २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, हडपसरपाशीं यशवंतराव होळकरांनीं शिंदे व पेशवे यांच्या एकवट फौजेचा मोड केला. दुसरा बाजीराव पळून वसईस गेला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशीं इंग्रजांच्या तहावर सही करून बसला. असईच्या वेळीं होळकर अलग राहिले. कंपनीनें जाहीरनामा काढून मराठ्यांच्या चाकरींतील गोऱ्या अंमलदारांना बोलाविलें, आणि त्यांपैकीं पुष्कळ निघून गेले. विद्या होती, ती ज्यांच्या हातीं होती ते आपले नव्हते, आणि जे आपले होते ते एकमेकांचे नव्हते.

हें सारें आम्हीं पुतण्याला सांगितलें, अर्थात् याहून थोडक्यांत. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग होळकरांना बरोबर घ्यायचें असलें तर कोठें दाबायचें?" आम्ही म्हटलें, त्याला बटण नाहीं. त्यानें क्षणभर विचार केला, तोफखान्याची विद्या घेतली, आणि पुढील रविवारीं असईस घेऊन जाण्याचें आमच्याकडून कबूल करून घेतलें.